हात मागे बांधणारा घरधनी

"बायको बस चालवते आणि नवऱ्याने मार्ग बदललाय."

हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं ते सांगणं आता कठीण आहे. आमच्या इमारतीखाली लाँड्री आहे, लाँड्रीसमोर एक लाकडी बाक आहे, आणि त्या बाकावर जन्मलेल्या वाक्यांना बाप नसतो. पण वाक्य एवढं फक्कड होतं की पाहता पाहता जिना चढून गच्चीपर्यंत गेलं आणि वाळत घातलेल्या कपड्यांबरोबर पुन्हा खाली आलं.

गोष्ट अशी होती, की तळमजल्यावरचा घरधनी रोज दुपारी, मुली शाळेत आणि बायको ड्यूटीवर असताना, दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे जातो. तो आत गेला की दार लागतं. मग पडदा ओढला जातो. बऱ्याच वेळाने तो बाहेर येतो तेव्हा सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असतात, आणि एखाद्या दिवशी अंगाला साबणाचा मंद वास येतो. शिंपीणबाई विधवा, नाकीडोळी नीटस, चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या. आता एवढ्या सामानावर बाक गप्प बसेल, असं ज्याला वाटतं त्याने बाक पाहिलेलाच नाही.

त्यात लाँड्रीवाल्याने पुरावा आणला. सगळ्या इमारतीचे कपडे त्याच्या इस्त्रीखालून जातात, तेव्हा त्याची साक्ष म्हणजे तज्ज्ञाची साक्ष.

"बाईंच्या हातची काजं कशी असायची? छापल्यासारखी. आणि आता हा सदरा बघा. एक काज पूर्वेला बघतंय, एक पश्चिमेला. चित्त थाऱ्यावर असलेल्या बाईचं काम आहे का हे?"

आम्ही सगळ्यांनी तो सदरा हातोहात फिरवून पाहिला. काजं खरोखरच वाकडी होती. मग काय, खटला निकाली निघाला.

यातलं खरं काय ते मला ठाऊक आहे आणि मी सांगणारही आहे. पण आधी माणूस कळू द्या. नुसतं खरं ऐकलं तर त्याची चव लागत नाही.

घरधनी हे त्याचं नाव बाकानेच ठेवलं होतं, अर्थात कुचेष्टेने. तो मूळचा बाटल्यांच्या कारखान्यातला. रांगेतून आलेली प्रत्येक बाटली उजेडासमोर धरायची, काचेत बुडबुडा दिसला तर बाजूला ठेवायची, हे त्याचं काम. धाकटी मुलगी जन्मली आणि त्याच सुमारास कारखान्याला टाळं लागलं. बायको मात्र तेव्हाच बसवर कायम झाली होती. दोघांनी बसून ठरवलं, ज्याला नोकरी आहे त्याने नोकरीला जावं, ज्याला नाही त्याने घर बघावं. त्यांच्या लेखी विषय संपला. आमच्या लेखी सुरू झाला.

त्याची बायको, म्हणजे ड्रायव्हरीणबाई, हा एक वेगळाच नमुना. आवाज असा, की गाडीचा हॉर्न बिघडला तरी अडायचं नाही. बसमध्ये शिरलेला अरेराव माणूस तिचा आरशातला डोळा पाहून तिकीट काढायचा. अशा बाईचा नवरा म्हणून घरधनी आधीच आमच्या दयेला पात्र होता. त्यातून तो सकाळी दारात उभा राहून धाकटीची वेणी घालायचा. सुरुवातीला वेणी म्हणजे दोरखंड असायचा. भात करपायचा. एकदा पांढरे गणवेश आणि लाल मोजे एकाच बादलीत भिजवले, आणि थोरली गुलाबी होऊन शाळेत गेली. आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला, आणि लाँड्रीवाल्याला विचारून डाग काढायचा उपाय शिकून गेला. त्याची ही एक वाईट खोड होती. चेष्टा करणाऱ्यालाच तो प्रश्न विचारायचा, आणि मग चेष्टा करणाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं.

पण त्याचा खरा दोष वेगळाच होता. तो मुलींचं सगळं करायचा. बटणं लावायचा, मोजे चढवायचा, घास भरवायचा, नाक पुसायचा. थोरली पाच वर्षांची घोडी झाली तरी सकाळी दोन्ही हात पसरून उभी राहायची आणि हा तिला कपडे चढवायचा. एकदा त्याची सासू राहायला आली होती. तिने दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं.

"जावईबापू, ही पोरगी आहे की दुकानाच्या काचेतला पुतळा?"

सासूबाईंची जीभ म्हणजे नवी कात्री. घरधन्याला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून घरात एक नवाच कायदा आला: हात मागे. मुली काही करायला लागल्या की बापाने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. धाकटी जिन्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधतेय, शाळेची वेळ टळून चाललीय, आणि हा समोर असा उभा, जणू दाढ दुखतेय आणि सांगायची चोरी आहे.

"बाबा, तूच बांध ना."

"कशाने बांधू? हात बाजारात गेलेत."

"खोटं! मागे आहेत."

"मागे आहेत ते दुसऱ्याचे."

एकदा मी खाली उतरताना दया येऊन वाकलो, तर म्हणाला, "काका, तुमचेही हात मागे." मी या वयात एका पोरीच्या बुटासमोर हात बांधून उभा राहिलो. नाडी बांधली गेली. गाठ कसली होती ते त्या पोरीलाच ठाऊक, पण संध्याकाळपर्यंत सुटली नाही.

पुढे धाकटीची शाळा दिवसभराची झाली आणि घर ओस पडलं. ड्रायव्हरीणबाईने एका सुट्टीच्या दिवशी सरळ विचारलं, "आता तुझं काय?"

त्याचं काय, ते त्याने आधीच हेरून ठेवलं होतं. गावात मोठ्या वयाच्या माणसांना घेणारे दोन अभ्यासक्रम होते. एक शिक्षकांचा, एक परिचारकांचा. दोन्हीकडे त्याचं नाव लागलं होतं. दोन्हीकडे एक आठवडा प्रत्यक्ष काम करून दाखवायचं होतं आणि मग एकाच ठिकाणी होकार द्यायचा होता. मेख अशी, की वयाच्या अटीत तो त्या वर्षी जेमतेम बसत होता. या खेपेला चुकलं तर पुन्हा संधी नव्हती, ना इकडे, ना तिकडे. चुकीचं निवडलं तर सोडून दुसरीकडे जायचीही सोय नव्हती. घरात राहायला तो कंटाळला होता असं नाही. पण हातांना सवय लागली होती कुणाच्या तरी उपयोगी पडायची, आणि घरात तर आता कुणाला हात लागत नव्हते.

या विषयावर त्यांच्या स्वयंपाकघरात जी बैठक झाली तिला मी हजर होतो. मी शिडी परत द्यायला गेलो होतो. शिडी दिल्यावर निघायला हवं होतं, पण पुन्हा राहायला आलेल्या सासूबाईंनी नुकतीच सुरुवात केली होती, आणि चालू नाटकातून उठून जाणं मला जमत नाही.

"मास्तर व्हा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "जावई मास्तर आहे म्हटलं की समोरचा खुर्ची पुढे करतो. जावई नर्स आहे म्हटलं तर काय पुढे करेल? बेडपॅन?"

"पुरुषाला नर्स नाही म्हणत, सासूबाई. ब्रदर म्हणतात."

"म्हणजे माझी लेक ब्रदरची बायको? कानाला बरं वाटतं का हे?"

"आई," ड्रायव्हरीणबाई शेंगा सोलत म्हणाली, "मला डेपोत सगळे साहेब म्हणतात. तेव्हा बरं वाटतं का तुझ्या कानाला?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तू माझी मुलगी आहेस, म्हणून वेगळं." सासूबाईंनी पदार्थ झाकावा तसा तो मुद्दा झाकला आणि दुसरा उघडला. "शिवाय मास्तर झालात की लोकांची तोंडं बंद होतील. दुपारची म्हणतेय मी."

मला अचानक त्या शिडीत फार रस वाटायला लागला. घरधन्याने हातातलं फडकं हळूच ओट्यावर ठेवलं.

ड्रायव्हरीणबाईने शेंगांवरची नजर काढली नाही. "सांगण्यासारखं आहे काही?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आहे. पण ते माझं नाही."

"जाणं थांबवणार आहेस?"

"नाही."

"मग आई, तू ही सालं तेवढी टाकून ये."

एवढंच. मी उभ्या आयुष्यात नवरा-बायकोची पुष्कळ भांडणं भिंतीआडून ऐकली आहेत, पण न झालेलं भांडण एवढं ठसठशीत ऐकू आलेलं तेच एक.

पहिला आठवडा शाळेचा. पहिलीचा वर्ग, आणि त्यात हा. मुलांनी कात्रीने कागद कापायचा तास होता. वर्गावरच्या बाई या टेबलावरून त्या टेबलावर धावत होत्या, कारण प्रत्येक पोराला वाटत होतं की आपल्याला जमणारच नाही. घरधनी एका रडक्या मुलाजवळ जाऊन उभा राहिला. हात मागे. मुलाने वर पाहिलं, मदत येत नाही असं दिसल्यावर नाक ओढलं आणि तो कापायला लागला. चंद्र कापायचा होता, बटाटा निघाला. "वा, चंद्राला भूक लागली होती वाटतं," हा म्हणाला. मुलगा खुदकन हसला आणि त्याने दुसरा कागद घेतला.

आठवडा संपताना मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बोलावलं. "तुम्ही वर्गात असलात की आवाज येत नाही. मला वाटलं तुम्ही दटावता. म्हणून खिडकीतून पाहिलं, तर तुम्ही काहीच करत नाही!"

"तेच करतो, बाई. फार अवघड जातं."

बाई खूश झाल्या. जागा तुमचीच समजा म्हणाल्या. बातमी बाकावर पोचली, आणि लाँड्रीवाल्याने त्याच संध्याकाळी "काय मास्तर!" म्हणून हाक मारली. सासूबाई त्या दिवशी उगाच दोनदा बाहेर बाकावर येऊन बसल्या.

दुसरा आठवडा इस्पितळाचा, हाडांच्या वॉर्डात. तिथल्या मोठ्या सिस्टर निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेल्या, रबरी तळव्यांच्या. चालल्या तरी ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्या कायम आपल्यामागेच उभ्या आहेत असं सगळ्यांना वाटायचं, आणि बहुतेक वेळा त्या असायच्याच.

वॉर्डात एक रंगारी होता. तीन मजली परांचीवरून पडलेला. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या खांद्यावर ताजे टाके आणि छातीपर्यंत आलेलं ड्रेसिंग. त्या हाताची बोटं हलायची, पण भरवसा नव्हता. दोन्ही वेळा त्याची बायको त्याला भरवायची. एका दुपारी तिला औषधं आणायला जावं लागलं, आणि सिस्टर घरधन्याला म्हणाल्या, "त्यांना सूप भरवा."

घरधन्याने वाटी घेतली, रंगाऱ्याच्या त्या हलणाऱ्या बोटांत दिली, आणि सवयीने आपले हात मागे बांधून उभा राहिला.

वाटी छातीपर्यंत आली आणि कलंडली. गरम सूप सगळं ताज्या ड्रेसिंगवर. रंगारी कळवळला. नेमकी त्याच क्षणी त्याची बायको दारातून आत आली.

"अहो, बघा हो कुणीतरी! माझा नवरा भाजतोय आणि हा मेला हात बांधून तमाशा बघतोय!"

सगळा वॉर्ड उठून बसला, ज्यांना उठता येत नव्हतं तेसुद्धा. ड्रेसिंग बदलावं लागलं. टाके शाबूत होते, पण रंगाऱ्याला दुपारभर फार त्रास झाला. सिस्टरांनी घरधन्याला चादरी ठेवायच्या खोलीत नेलं. तिथे काय झालं ते मला कसं कळलं हे विचारू नका. त्या खोलीला दोन दारं आहेत, आणि वॉर्डातल्या आया माझ्या ओळखीच्या.

"घरी मुलाची नाडी सुटली तर मूल पडतं आणि उठतं," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "इथे पडलेला उठेलच असं नाही. हात मागे कधी बांधायचे आणि पुढे कधी करायचे, हे ज्याला कळत नाही त्याने शाळेत जावं. तिथे तुमचं फार कौतुक झालं म्हणे."

"हो."

"आणखीही काही ऐकलंय मी. दुपारी त्या शिंपीणबाईंकडे कशाला जाता?"

"ते त्यांना विचारा, सिस्टर."

"मी तुम्हाला विचारतेय. सांगणार नसाल तर उद्यापासून येऊ नका."

"मग उद्यापासून येत नाही," तो म्हणाला आणि गळ्यातला पाहुण्यांचा बिल्ला काढून त्याने सिस्टरांपुढे धरला.

सिस्टरांनी तो घेतला नाही. "तोंड बंद ठेवता येतं तुम्हाला. सकाळी लवकर या," त्या म्हणाल्या. "रंगाऱ्याची माफी मागायचीय तुम्हाला."

सकाळी तो गेला. रंगारी उताणा पडून छत बघत होता. त्याच्या धंद्याचा माणूस दुसरं काय बघणार?

"माफ करा," घरधनी म्हणाला. "मी फार मोठी चूक केली."

"माफीचं राहू दे. वाटी आण."

"काय?"

"वाटी. ही यायच्या आत. अर्धीच भर, आणि गार असू दे." रंगाऱ्याचा आवाज खाली आला. "अरे, घरी गेलो की ती मला भरवणार, आणि पोरं समोर बसून बघणार. जन्मभर लोकांच्या छताला हात पोचवला, आणि आता माझ्याच तोंडाला पोचेना. काल सांडलं. पण अर्ध्यापर्यंत आला होता हात. पाहिलंस ना तू? तूच एकटा बघत होतास."

घरधन्याने वाटी आणली नाही. आधी सिस्टरांकडे गेला आणि विचारलं. सिस्टर स्वतः आल्या. रंगाऱ्याच्या कोपराखाली उशी दिली, छातीवर रबराचा कपडा पसरला आणि म्हणाल्या, "आता तुमचा हात वाटीच्या खाली. टेकवायचा नाही आणि काढायचाही नाही."

अर्धी वाटी संपायला एवढा वेळ लागला की शेजारच्या खाटेवरच्याने वाट पाहून एक झोप काढली. दोन घोट हनुवटीवर गेले, बाकीचे तोंडात. शेवटचा घोट घेऊन रंगाऱ्याने तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी आहे."

आल्यापासून बायकोच्या हातून निमूटपणे खात होता तो. हात स्वतःचा लागला तशी तक्रारही स्वतःची आली. सिस्टर पाठ फिरवून हसल्या असं आया सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण लिहायला बरं वाटतं.

होकार कळवायचा दिवस आला तेव्हा घरधनी बायकोचा डबा घेऊन डेपोत गेला. बस रिकामी उभी होती. ती ड्रायव्हरच्या जागेवर आडवी वळून जेवत होती, हा पहिल्या बाकावर बसला होता. कंडक्टर खाली चाक तपासत होता, म्हणजे तपासल्यासारखं करत होता. त्याच्याकडून मला पुढचं सगळं मिळालं.

"शाळेत मी नसलो तरी ती पोरं शिकणार," घरधनी म्हणाला. "आज नाही तर सहा महिन्यांनी. वय त्यांच्या बाजूने आहे. ती रोज सकाळी कालच्यापेक्षा मोठी होऊन उठतात. पण त्या रंगाऱ्याच्या बाजूने कोण आहे? त्याला जे येत होतं ते गेलंय. त्याला घाई न करता कुणीतरी शेजारी उभं राहायला हवं."

"थांब, मला नीट कळू दे," ती म्हणाली. "शाळेत तुला शाबासकी मिळाली आणि हॉस्पिटलमध्ये शिव्या. आणि तू शिव्यांकडे चाललायस."

"हो."

"नक्की?"

"नक्की. आणि एक सांगू? कारखाना चालू राहिला असता तर मी अजून बाटल्यांतले बुडबुडे मोजत बसलो असतो. तू बस चालवलीस म्हणून मी घरी राहिलो, आणि घरी राहिलो म्हणून मला हे कळलं. पोरींनी शिकवलं मला. तुझे उपकार मानायला हवेत, पण तू जेवतेयस."

"जेवताना मानले तर चालतात," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण लावता लावता डोळे पुसले, आणि वर म्हणाली की भाजी तिखट झालीय. "फक्त आईला तूच सांग. मी बस चालवते, जिवावर उदार झालेली नाही."

सासूबाईंनी दोन जेवणं अबोला धरला. तिसऱ्याला मीठ मागावं लागलं म्हणून सुटला. पुढची कित्येक वर्षं त्यांची अडचण वेगळीच होती. ओळखीपाळखीत कुणी विचारलं, की त्या ब्रदर हा शब्द टाळून म्हणायच्या, "जावई हॉस्पिटलमध्ये असतो." लगेच समोरचा चेहरा पाडायचा, "अरेरे, काय झालं त्याला?" शेवटी स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यावर पट्टी असताना त्या सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगत होत्या, की तो पावलांचा आवाज येतोय ना, तो माझा जावई. माझा.

शिकायला त्याला सोपं गेलं नाही. वर्गात बाकीची सगळी पोरं त्याच्या निम्म्या वयाची. हाडांची नावं पाठ करताना थोरली त्याची परीक्षा घ्यायची आणि चुकलं की स्वतःचे हात मागे बांधून उभी राहायची, मदत म्हणून करायची नाही. पण तो पास झाला, आणि त्याच सिस्टरांच्या वॉर्डात लागला. त्या दिवशी ड्रायव्हरीणबाई गणवेशातच आली होती. बस खाली उभी, उतारू आत बसलेले, आणि कुणी कुरकुर केली नाही. करणार कोण?

मला त्याचा हिसका बसला तो पुढे, माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा. मी ठरवलं होतं की आता उरलेला जन्म पडूनच काढायचा. बातम्या लोक घेऊन येतील, मी ऐकीन. याने मला दुसऱ्याच आठवड्यात उभं केलं. मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तो शांतपणे माझ्या कोपराखाली हात धरून म्हणायचा, "काका, दारापर्यंत चला. दाराबाहेर दोन नर्सा कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलताहेत." मी गेलो. दुसऱ्या दिवशी त्याने जिन्यापर्यंतची बातमी ठेवली. अशा रीतीने मला त्याने चालवलं. आज मी स्वतःच्या पायांनी बाकापर्यंत जातो, त्याचं श्रेय त्याला आहे, आणि त्या बाकावर त्याच्याबद्दल जे जे बोललं गेलं ते आठवून मी त्याचे आभार जरा जास्तच मानतो.

मी वॉर्डात असतानाच शिंपीणबाई मला भेटायला आल्या. केस आता पांढरे, बाकी तशाच ताठ. दुकान त्यांनी भाचीला दिलं होतं. दूरवर ब्रदर कुणाची तरी चादर बदलत होता, त्याच्याकडे पाहत त्यांनी मला सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "भाऊजी, आता मला गिऱ्हाइकाची भीती नाही. आता सांगा सगळ्यांना. तुमच्या तोंडाला भोंगा आहेच, कधी नव्हे तो सत्कारणी लागू दे."

"त्याने स्वतः का नाही कधी सांगितलं?" मी विचारलं.

"मी सांगू नका म्हटलं होतं. म्हणून."

तर खरं असं आहे. शिंपीणबाईंना अर्धांगाचा झटका आला होता आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. त्या महिनाभर बहिणीकडे गेल्या असं आम्ही समजत होतो, तेव्हा त्या परगावच्या इस्पितळात होत्या. शिवणारीचा हात गेला असं कळलं तर गिऱ्हाईक तुटेल, म्हणून त्यांनी ते लपवलं. मुलीचा फ्रॉक घेऊन गेलेल्या घरधन्याला ते दिसलं. त्या दिवसापासून तो दुपारी त्यांच्या हाताला इस्पितळाने सांगितलेला व्यायाम द्यायला जायचा आणि आठवड्यातून एकदा त्यांचे केस धुऊन द्यायचा. कपडे त्यांची बहीण नेऊन शिवून आणायची. काजं मात्र बाई स्वतः डाव्या हाताने करायच्या. पडदा त्याच ओढायच्या. दीड वर्षाने उजवा हात चालायला लागला.